डॉक्टर कोठे घडतो?





निकालाचे दिवस आले की माझ्या कार्यालयात दोन प्रकारचे पालक येतात. एक प्रवेशासाठी येतात, दुसरे सल्ल्यासाठी. प्रवेशासाठी येणाऱ्यांना उत्तर देणे सोपे असते, कारण जागा असतात किंवा नसतात. सल्ल्यासाठी येणाऱ्यांपुढे मात्र माझी परीक्षा असते. यंदा असेच एक गृहस्थ आले. मुलगी आपल्याच शाळेत बालवर्गापासून शिकलेली. ‘नीट’मध्ये गुण चांगले, पण सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची जागा थोडक्यात हुकली. घरात ठरत होते की वडिलोपार्जित घरातला आपला हिस्सा विकायचा आणि खासगी महाविद्यालयात प्रवेश घ्यायचा. त्यांनी विचारले, “बाई, घर विकू की मुलीला एक वर्ष थांबवू?”

मी म्हटले, “मुलीची तयारी असेल तर एक वर्ष थांबवा. सरकारीत मिळण्यासारखे गुण आहेत तिचे.” त्यावर ते पटकन म्हणाले, “पण सरकारीत तरी आता काय राहिलंय? एम. वाय.ची अवस्था आपण रोज पेपरात वाचतोच की!”

त्या क्षणी मला नीटसे उत्तर देता आले नाही. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते आणि पूर्ण खरेही नव्हते. ते गेल्यावर दिवसभर हा प्रश्न डोक्यात राहिला. असाच प्रश्न आणखी कितीतरी घरांत विचारला जात असेल, म्हणून त्याचे उत्तर या अंकात सर्वांसमोर मांडावे असे वाटले. हे माझे मत आहे. पटले नाही तर जरूर कळवा.

आपल्या इंदूर शहरात वैद्यकीय शिक्षण काल-परवा आलेले नाही. १८७८ साली येथे वैद्यकीय शाळा सुरू झाली. पुढे तिला किंग एडवर्ड यांचे नाव मिळाले. त्या शाळेची दगडी इमारत अजून उभी आहे आणि त्या आवाराला आपण आजही ‘के. ई. एच. कंपाउंड’ म्हणतो. १९४८ साली, म्हणजे गांधीजींची हत्या झाली त्याच वर्षी, येथे एम.बी.बी.एस.ची पदवी देणारे महाविद्यालय निघाले आणि त्याला महात्मा गांधींचे नाव दिले गेले. १९५०च्या दशकात त्याच्या जोडीला महाराजा यशवंतराव होळकरांच्या नावाचे सातमजली रुग्णालय उभे राहिले. हेच आपले ‘एम. वाय.’ हजाराहून अधिक खाटांचे हे रुग्णालय एकटे नाही. क्षयरोग्यांसाठी मनोरमाराजे रुग्णालय, मुलांसाठी चाचा नेहरू बाल चिकित्सालय, स्त्रियांसाठी महाराजा तुकोजीराव रुग्णालय, बाणगंगेचे मानसिक रुग्णालय, कर्करोग रुग्णालय आणि अलीकडचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय, हे सगळे या एकाच महाविद्यालयाचे वर्ग आहेत असे समजा. महाविद्यालय पूर्वी इंदूर विद्यापीठाशी, म्हणजे आजच्या देवी अहिल्या विद्यापीठाशी जोडलेले होते. आता ते जबलपूरच्या मध्य प्रदेश आयुर्विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. दरवर्षी २५० मुले-मुली येथे एम.बी.बी.एस.ला प्रवेश घेतात.

होळकरांची नावे पाहून आपल्याला अभिमान वाटतो. तो वाटावाच. पण नुसता अभिमान पालकांच्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. पालक विचारतात ते हे की, माझी मुलगी येथे शिकली तर चांगली डॉक्टर होईल का? माझे उत्तर आहे, होय. आणि त्याचे कारण इमारत नाही, यंत्रे नाहीत, नावही नाही. त्याचे कारण आहे तेथे येणारा रुग्ण.

आपण गणित शिकवतो तेव्हा एक उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवतो आणि पन्नास उदाहरणे मुलांना सोडवायला देतो. फळ्यावरचे पाहून कोणालाच गणित येत नाही, वहीत सोडवले की येते. वैद्यकशास्त्राचेही तसेच आहे. पुस्तक म्हणजे फळा आणि रुग्ण म्हणजे वही. एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे आणि त्यानंतर एक वर्षाची इंटर्नशिप, या साडेपाच वर्षांत विद्यार्थ्याने किती रुग्णांना हात लावला, किती जणांची हकीकत ऐकली, किती वेळा चुकला आणि कोणी त्याला दुरुस्त केले, यावर पुढचा डॉक्टर ठरतो.

एम. वाय.च्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी जाऊन उभे राहा. इंदूरचे लोक तर असतातच, पण धार, झाबुआ, अलीराजपूर, बडवानी, खरगोन, देवास अशा सगळ्या बाजूंनी माणसे आलेली असतात. रात्रीची बस धरून, कुणी नातेवाईक, डबा आणि अंथरुणाची वळकटी बरोबर घेऊन. ज्या आजाराला पाठ्यपुस्तकात एक परिच्छेद मिळतो, तो आजार येथे माणसाच्या रूपाने बाकावर बसलेला असतो. आदिवासी पट्ट्यातले सिकलसेल घ्या. रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना देतात. हा आनुवंशिक आजार आपल्या प्रदेशात इतका आहे की, २०२३च्या १ जुलैला त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले ते आपल्याच राज्यातल्या शहडोलमधून. सिलिकोसिस घ्या. झाबुआ-अलीराजपूरची माणसे पोटासाठी गुजरातेत दगड दळण्याच्या कारखान्यांत गेली आणि फुप्फुसांत गारेची धूळ घेऊन परतली. पाण्यातल्या फ्लोराइडने वाकडी झालेली हाडे, सर्पदंश, शेतातल्या औषधाची विषबाधा, भाजलेल्या स्त्रिया, रस्त्यावरचे अपघात. हे सगळे पाहून जो डॉक्टर बाहेर पडतो, त्याला पुढे कोणत्याही गावात टाका, तो गांगरत नाही.

मागे आपल्या शाळेच्या मावशींना अपघात झाला तेव्हा तीन दिवस मी एम. वाय.च्या वॉर्डात येऊन-जाऊन होते. मावशींच्या खाटेशी एक विद्यार्थिनी येऊन उभी राहिली. वय असेल एकवीस-बावीस. तिने नाव, गाव, अपघात कसा झाला, आधी कोणता आजार, सगळे विचारले. थोड्या वेळाने दुसरा विद्यार्थी आला, त्याने तेच विचारले. मग तिसरा. मावशी मला हळूच म्हणाल्या, “बाई, यांचं एकमेकांत पटत नाही का?” मला हसू आले. नंतर मोठे डॉक्टर आले, मागे आठ-दहा पांढरे कोट. त्यांनी पहिल्या मुलीला विचारले, “यांना आधीपासून कोणता आजार आहे?” ती म्हणाली, “सर, त्या नाही म्हणाल्या.” त्यांनी मावशींचा हात उचलून तिच्यापुढे धरला, नखे पाहायला लावली, डोळ्यांची खालची पापणी ओढून दाखवली आणि म्हणाले, “त्या नाही म्हणाल्या, पण त्यांचे डोळे काय म्हणतात?” मावशींना रक्त कमी होते. कित्येक वर्षे असणार. आम्ही रोज त्यांना पाहत होतो, आमच्या ध्यानात आले नव्हते. त्या मुलीच्या चेहऱ्यावर ओशाळलेपण होते, पण मला खात्री आहे की ती आता कुठल्याही रुग्णाची पापणी पाहिल्याशिवाय पुढे जाणार नाही.

याला शिक्षण म्हणतात. आणि हे शिक्षण रुग्णाच्याही कामाचे असते, हे आपण विसरतो. शिकवणाऱ्या रुग्णालयात एकाच रुग्णाला अनेक डोळे पाहतात. विद्यार्थी विचारतो, निवासी डॉक्टर तपासतो, सहायक प्राध्यापक त्याची उलटतपासणी करतो आणि प्राध्यापकांना सगळ्यांसमोर आपला निर्णय समजावून सांगावा लागतो. “असे का?” म्हणणारा विद्यार्थी समोर असला की मोठ्यातल्या मोठ्या डॉक्टरलाही दोनदा विचार करावा लागतो. वर्गात चुणचुणीत मुले असली की आम्ही शिक्षक घरून तयारी करून येतो, तसेच हे आहे.

आता भाषेचा मुद्दा. तो माझ्या जिव्हाळ्याचा आहे, कारण माझी पदवी हिंदी माध्यमातली आहे. पदव्युत्तर शिक्षणाला गेले तेव्हा इंग्रजी संदर्भग्रंथ समोर आले आणि कित्येक संध्याकाळी शब्दकोश मांडीवर घेऊन काढाव्या लागल्या. वर्गात उत्तर येत असूनही वाक्य जुळत नाही म्हणून गप्प बसण्याचे दुःख काय असते ते मला ठाऊक आहे. म्हणून १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळला एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाची शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन या विषयांची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली, तेव्हा पुष्कळ जण हसले, मी हसले नाही. त्या पुस्तकांत इंग्रजी संज्ञा तशाच देवनागरीत ठेवल्या आहेत, हेही मला योग्य वाटते. संज्ञा जगाच्या असाव्यात आणि समजावणी आपल्या भाषेत असावी. इंग्रजी सोडा असे मी कोणत्याही मुलाला सांगणार नाही, कारण नवे संशोधन त्याच भाषेतून येते. पण इंग्रजी कच्चे आहे म्हणून डॉक्टर होण्याचे स्वप्न सोडा, असे मात्र कोणीही सांगू नये.

याहून मोठी गोष्ट आहे रुग्णाच्या भाषेची. रुग्ण म्हणतो, “कलेजे में दर्द है.” शब्दकोश उघडला तर कलेजा म्हणजे यकृत. पण रुग्ण बोट ठेवतो छातीवर, कधी पोटाच्या वरच्या भागावर. “जी घबरा रहा है” म्हणणाऱ्याला मळमळते आहे, धडधडते आहे, की भीती वाटते आहे? हे ज्याला विचारून घेता येत नाही, त्याच्या हातात कितीही भारी यंत्र द्या, तो भलतीच तपासणी लिहून देईल. माळवी, निमाडी, भिली बोलणाऱ्या माणसांशी बोलायला शिकवणारी एम. वाय.सारखी दुसरी भाषाशाळा आपल्या भागात नाही. आणि येथे आपल्या मुलांचा एक फायदा आहे. घरात मराठी, अंगणात माळवी-हिंदी आणि वर्गात इंग्रजी, अशी तीन घरची पाणी प्यायलेली ही मुले एका भाषेतून दुसरीत सहज जातात. मराठी शाळेत घातले म्हणून मुलाचे नुकसान झाले, असे ज्या पालकांना मधूनमधून वाटते, त्यांनी यावर विचार करावा.

या महाविद्यालयाची पहिली तुकडी आठवली की एक नाव घ्यावेच लागते. डॉ. भक्ती यादव. महिदपूरच्या मराठी घरातली मुलगी. मुलींना शिकवणे लोकांना रुचत नसे, त्या काळात वडिलांनी तिला आधी गरोठला नातेवाइकांकडे आणि मग इंदूरला अहिल्याश्रमात शिकायला ठेवले. १९४८च्या पहिल्या तुकडीत चाळीस विद्यार्थी होते. एकोणचाळीस मुलगे आणि ही एकटी मुलगी. १९५२ साली त्या एम.बी.बी.एस. झाल्या. पुढे गिरणी कामगारांच्या वस्तीतल्या नंदलाल भंडारी प्रसूतिगृहात आणि नंतर परदेशीपुऱ्यातल्या आपल्या छोट्या रुग्णालयात त्यांनी आयुष्यभर बायकांची बाळंतपणे केली. गरिबाकडून पैसे घेतले नाहीत. २०१७ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाच्या ९१व्या वर्षी, त्या गेल्या. मुलींनो, एकोणचाळीस मुलांत एकटीने बसायला काय लागत असेल, याची कल्पना करून पाहा. आणि पालकांनो, त्या पैसे न घेता काम करू शकल्या याचे एक कारण त्यांचे मन मोठे होते हे आहेच. पण शिक्षणाचे कर्ज डोक्यावर घेऊन त्या बाहेर पडल्या असत्या तर हे तितके सोपे झाले असते का?

पैशाचा हिशेब स्पष्टच मांडते. आपल्या राज्यात सरकारी महाविद्यालयाची शिकवणी फी वर्षाला साधारण एक-सव्वा लाखाच्या घरात आहे. खासगी महाविद्यालयात साऱ्या शिक्षणाचा खर्च पन्नास लाखांच्या पुढे सहज जातो. घर विकून आलेले पन्नास लाख कुठून तरी परत यावे लागतात. ते रुग्णाच्या खिशातूनच यायचे असतात. मुलगी कितीही सालस असली तरी दवाखान्यात बसल्यावर ‘ही तपासणी लिहू की नको’ या प्रश्नात विकलेले घर डोकावणारच. ज्या शिक्षणाचा खर्च समाज उचलतो, त्याची परतफेडही समाजालाच करायची असते. म्हणून सरकारी महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्याकडून ग्रामीण सेवेचा बाँड घेतात. त्याकडे पुष्कळ जण शिक्षा म्हणून पाहतात. मला ती गुरुदक्षिणा वाटते.

संकट आले की कोण उभे राहते, हेही आपण पाहिले आहे. २०२०च्या मार्चअखेर इंदुरात करोना शिरला, तेव्हा नमुने तपासले जात होते ते याच महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत. क्षयरोग्यांचे मनोरमाराजे रुग्णालय करोनाग्रस्तांसाठी मोकळे केले गेले. मे २०२१मध्ये काळ्या बुरशीचा आजार पसरला आणि एकेका इंजेक्शनसाठी लोक वणवण फिरत होते, तेव्हा शेकडो रुग्ण एम. वाय.मध्ये होते. २०१८ साली तेथे अस्थिमज्जा प्रत्यारोपण सुरू झाले आणि थॅलेसेमिया झालेल्या गरिबाच्या मुलाला लाखो रुपयांचा उपचार आवाक्यात आला. २०१५पासून आपल्या शहरात अवयवदानासाठी ‘ग्रीन कॉरिडॉर’ होऊ लागले, रस्ते थांबवून यकृत-मूत्रपिंडे पोचवली जाऊ लागली. त्या कामातही महाविद्यालयाचा मोठा वाटा आहे. हे विसरून ‘सरकारीत काय राहिलंय’ म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल.

पण एवढेच लिहून थांबले तर मी तुमची फसवणूक करीन. २०२५च्या ऑगस्टअखेरीस याच एम. वाय.च्या नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात उंदरांनी दोन बाळांना चावे घेतले. दोन्ही बाळे पुढे दगावली. मृत्यूचे कारण मुळातला गंभीर आजार होता, असे रुग्णालयाचे म्हणणे होते. उच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकरणाची दखल घेतली. कारण काहीही असो, आईने ज्यांच्या भरवशावर बाळ ठेवले तेथे उंदीर पोचावा, याला क्षमा नाही. त्याआधी, २०१३ साली, व्यापमच्या प्रवेश परीक्षेचा घोटाळा उघड झाला तोही इंदुरातूनच. दुसऱ्याच्या नावाने परीक्षेला बसणारे पकडले गेले आणि वर्षानुवर्षे प्रामाणिक मुलांच्या जागा विकल्या जात होत्या हे जगाला कळले. सरकारी जागेची किंमत किती आहे, हे चोरांना आपल्याआधी कळले होते, असेच म्हणावे लागेल.

मग या संस्थेचे बळ कोणते आणि दोष कोणता? मला वाटते, दोन्हींचे मूळ एकच आहे. जो कोणी येईल त्याला परत पाठवायचे नाही, हे तिचे बळ. पण जे येतात ते गरीब असतात, दूरचे असतात, अर्ज लिहिता न येणारे असतात. त्यांना मोठ्याने बोलायची सवय नसते. आणि ज्यांना ती सवय आहे, ते आपण, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तेथून निघून गेलो. आपल्या आजोबांच्या पिढीत वकील, प्राध्यापक, व्यापारी सगळे एम. वाय.मध्ये भरती होत. पंखा बंद असला की वॉर्डातून थेट अधीक्षकांकडे चिठ्ठी जाई. आता आपण विम्याचे कार्ड घेऊन दुसरीकडे जातो, आणि एम. वाय.विषयी फक्त पेपरात वाचतो. ज्या वाड्यातून घरची माणसे निघून जातात, त्या वाड्यात उंदीर येतात. यात नवल ते काय?

पण आपल्याच शहराने दुसरे उदाहरणही घालून दिले आहे. २०१७ सालापासून स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात इंदूर वर्षानुवर्षे पहिले येत राहिले. ते कसे झाले? महानगरपालिकेच्या गाड्या आल्या हे खरे, पण घराघरातल्या बाईने ओला आणि सुका कचरा वेगळा केला म्हणून झाले. आपल्याच शाळेतल्या तिसरीच्या मुलांनी आजोबांना रस्त्यावर कागद टाकण्यावरून रागावल्याच्या गोष्टी मला पालकांनी सांगितल्या आहेत. शहराचा रस्ता आपला मानला तेव्हा रस्ता स्वच्छ झाला. तसेच शहराचे रुग्णालय आपले मानले तर ते सुधारणार नाही, असे मला कोणी पटवून देऊ शकेल का?

खासगी महाविद्यालयांना मी नावे ठेवत नाही. तेथेही चांगले शिक्षक आहेत, मनापासून शिकणारी मुले आहेत, आणि आपले काही माजी विद्यार्थी तेथे शिकून उत्तम काम करत आहेत. इमारत स्वच्छ असते, यंत्रे नवी असतात. निवड करताना मात्र पालकांनी एकच गोष्ट स्वतः जाऊन पाहावी. एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी दहा वाजता बाह्यरुग्ण विभागात जावे आणि किती माणसे बसली आहेत ते मोजावे. मग वॉर्डात जावे. खाटा किती हे माहितीपत्रकात असते. खाटांवर रुग्ण किती हे डोळ्यांनीच पाहावे लागते. जेथे रुग्ण नाही तेथे डॉक्टर घडत नाही, मग ते महाविद्यालय सरकारी असो की खासगी.

आता शाळेच्या दारातला प्रश्न. एका खासगी रुग्णालयाने आपल्या विद्यार्थ्यांची वार्षिक आरोग्य तपासणी विनामूल्य करून देण्याची तयारी दाखवली आहे. त्याबदल्यात स्नेहसंमेलनात त्यांचा फलक लागेल आणि प्रत्येक मुलाच्या घरी त्यांचे सवलतीचे कार्ड जाईल. विश्वस्त मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा प्रस्ताव येणार आहे. फुकटचे कोणाला नको असते? शाळेचे पैसेही वाचतील. तरीही माझे नम्र मत आहे की हा प्रस्ताव आपण स्वीकारू नये. विद्यार्थ्यांच्या घरचे पत्ते ही शाळेकडे पालकांनी विश्वासाने ठेवलेली ठेव आहे, ती कोणाला गिऱ्हाईक मिळवून देण्यासाठी नाही. त्याऐवजी आपण महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयाच्या कम्युनिटी मेडिसिन विभागाला रीतसर पत्र लिहावे आणि तपासणीसाठी त्यांचे इंटर्न व शिक्षक पाठवण्याची विनंती करावी. त्यांना शिकायला मिळेल, आपल्या मुलांची तपासणी होईल आणि पांढऱ्या कोटातली ताई-दादा मंडळी जवळून पाहून एखादीला वाटेल, आपणही असे व्हावे.

आणखी दोन सूचना. शाळेच्या स्थापनादिनी आपण मिठाई वाटतो. यापुढे त्या दिवशी पालक, माजी विद्यार्थी आणि शिक्षकांचे रक्तदान शिबिर एम. वाय.च्या रक्तपेढीसाठी घ्यावे. सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या मुलांना रक्त बाजारातून आणता येत नाही, ते कोणीतरी द्यावे लागते. दुसरे, आपल्या सभागृहातल्या फळ्यावर वैद्यकीय प्रवेश मिळालेल्यांची नावे लिहितो, तेथे परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, औषधनिर्माते झालेल्या आपल्या मुलामुलींचीही नावे लिहावीत. रुग्णालय एकट्या डॉक्टरवर चालत नाही. ज्यांनी चालवायचे त्यांना मान दिला नाही तर ते नीट चालेल कसे?

विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी एकच वाक्य. सरकारी महाविद्यालयाची जागा स्वस्त असते म्हणून मागू नका. तेथे शिकवायला हजारो रुग्ण रोज येतात, त्यांच्याकडून शिकायचे आहे म्हणून मागा. त्यासाठी जीवशास्त्राबरोबर माणसाशी बोलायचा सराव आजपासून सुरू करा. घरकामाला येणाऱ्या मावशींना, रिक्षावाल्या काकांना, गावाहून आलेल्या आजीला विचारा, “कसं वाटतंय?” आणि उत्तर पूर्ण ऐका. डॉक्टर होण्याचा तो पहिला धडा आहे. त्याला प्रवेश परीक्षा नाही.

त्या गृहस्थांना मी नंतर फोन केला. म्हटले, “घर विकू नका. मुलीला विचारा, आणि ती हो म्हणाली तर एक वर्ष द्या. आणि एका सकाळी दोघे मिळून एम. वाय.च्या बाह्यरुग्ण विभागात तासभर बसून या. पेपरात वाचून ठरवू नका.” ते जाऊन आले. परवा भेटले तेव्हा म्हणाले, “बाई, गर्दी बघून मला तर घाबरायला झालं. पण मुलगी म्हणाली, बाबा, एवढ्या लोकांना डॉक्टर पाहिजे आहे.”

मुलगी अभ्यासाला बसली आहे. घर अजून विकलेले नाही.

आपली,
प्राचार्या